गौरीच्या दुपारची एस.टी.

माझी नात कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते. त्यात ती धनुष्यबाण घेतलेली कुणीतरी बाई असते. रानावनातून हिंडते, अनोळखी माणसांची कामं करते, कुणाची हरवलेली मेंढरं शोधून देते, आणि घरात चहाचा कप उचलून ठेव म्हटलं तर तिला ऐकू येत नाही. तिची आई, म्हणजे माझी सून, तिच्यावर करवादते. "दुसऱ्याचं सोंग घेऊन तासन्‌तास बसण्यात काय मिळतं गं तुला?" असं विचारते. हा प्रश्न सुनेनं मला विचारला असता तर मी उत्तर दिलं असतं. पण मला कोण विचारतंय? सुनेचं ठाम मत आहे की आमच्या वेळी बायकांना खेळायला सवडच नव्हती. सवड नव्हती हे खरं आहे, पण खेळायचो आम्ही. चांगल्या घोड्यासारख्या वाढलेल्या, पोराबाळांच्या बायका खेळायचो, आणि तेही सोंग घेऊनच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं आणि मी मुरगूडहून कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले. घरात सासू-सासरे, थोरले दीर, थोरली जाऊ आणि आम्ही दोघं. नवरा आणि दीर दोघंही उद्यमनगरात लेथवर कामाला. घर फार मोठं नव्हतं, पण पुढचा सोपा गल्लीत सगळ्यांत लांब होता. त्यामुळं गौरीच्या सणात गल्लीतल्या बायका आमच्याकडंच जमायच्या.

झिम्मा-फुगडी सगळीकडंच असायची. आमच्या गल्लीत त्याशिवाय दुपारची सोंगं असायची. गौरी जेवल्या, पुरणपोळी खाऊन पुरुष मंडळी एक तर घोरायला लागली किंवा तालमीकडं गेली, की बायका सोप्याचं दार पुढं ओढून घ्यायच्या. मग काजळाच्या मिशा निघायच्या, धोतरं नेसली जायची. कुणी फौजदार व्हायची, कुणी वैदू, कुणी दारू पिऊन आलेला नवरा. आमच्याकडच्या बायका मुळातच "मी जातो, मी करतो" असं बोलतात, त्यामुळं पुरुषाचं सोंग घ्यायला आम्हाला जिभेला फार ताण द्यावा लागत नाही. ही किरकोळ सोंगं झाली की शेवटी आमची एस.टी. निघायची. तिच्यासाठीच सगळ्या थांबलेल्या असायच्या.

एस.टी.ची कंडक्टर माझी थोरली जाऊ. ड्रायव्हर शेजारची भाभी. भाभीचा नवरा शिंपी होता, खाकी कपडे शिवायची कामं त्याच्याकडं असायची. गुंड्या लावायचा राहिलेला एखादा कोट भाभी त्या दुपारपुरता घेऊन यायची. "डाग पडला तर माझं कातडं सोलंल त्यो," असं दरवर्षी बजावायची आणि दरवर्षी कोटावर कटाची आमटी सांडायची. जावेच्या खांद्याला पोरांचं दप्तर आणि हातात तिकीट पंच करायला अडकित्ता. तिकिटं म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या. भाभी पुढं पाटावर बसायची, मांडीवर पितळी परात आडवी धरायची, तेच स्टिअरिंग. हॉर्न ती तोंडानं वाजवायची आणि तो तालमीपर्यंत ऐकू जायचा. मागं सतरंजीवर ओळीनं सगळ्या पॅसेंजर. वाटीवर चमचा दोनदा वाजला की गाडी सुटायची.

"सरका म्होरं! मधी जागा हाय की!" जाऊ ओरडायची. "सुट्टं काढून ठेवा. कुठं? कुठं जायाचं?"

मग ज्या त्या बाईनं आपलं गाव सांगायचं. गाव आपल्या मर्जीचं. बहुतेकजणी माहेरी जायच्या. एक मुंबईला निघालेली असायची, तिला मुंबई कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. फौजदाराची बायको म्हणून गल्लीत तोरा मिरवणारी एक बाई होती, ती दरवर्षी विनातिकीट बसायची. तिला पकडलं जायचं असायचं. जाऊ तिचा दंड पकडून तिला भर रस्त्यात उतरवायची आणि ती गयावया करायची, पाया पडायची, आणि तिचा चेहरा असा खुललेला असायचा की तसा तो वर्षभरात कधी दिसला नाही.

गाडीचे नियम कडक होते. एक म्हणजे, गाडीत बसलं की कुणी कुणाची नाही. जाऊ नाही, नणंद नाही, सासू नाही, सगळ्या पॅसेंजर. चुकून कुणी "वहिनी" म्हणालं की कंडक्टर खाली उतरवायची. आणि दुसरा, सोंगातलं सोंगात. गाडीत जे बोललं ते उतरल्यावर काढायचं नाही. वर्षभर एकमेकींच्या डब्यात डोकावणाऱ्या बायका, पण हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही.

आधी मला वाटायचं, जावेला पुरुषाचा रुबाब आवडतो म्हणून ती कंडक्टर होते. घरात मीठ संपलं तरी आणायला सांगताना तिचा आवाज खाली जायचा. पण रुबाब तिला नकोच होता. एकदा भांडी घासताना मी तिला विचारलं तर म्हणाली, "मला रांग आवडती गं. पयला आला त्यानं पयलं बसायचं." आमच्या घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उरलं असेल त्यात. तिच्या गाडीत पाटलीण असो नाहीतर भांडीवाली, आधी आली ती खिडकीत बसायची. जागेवरून कुणी हुज्जत घातली तर जाऊ खरोखर संतापायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला त्याचं हसू यायचं. पुढं यायचं बंद झालं.

सासूबाई खेळायच्या नाहीत. त्या सोप्यातल्या बाजेवर बसून लसूण सोलायच्या आणि मधूनच पॅसेंजरांच्या चुका काढायच्या. "कागल गेल्याबिगार निपाणी कुठली येती? डायवर आंधळा हाय काय?" एवढंच.

आता माझं दुखणं सांगते. लग्न मुरगूडला आमच्या दारात झालं. वऱ्हाड निघताना मानाची लुगडी द्यायची, तशी आईनं दिली. सासूबाईंना जरीकाठाचं आणि त्यांच्या चुलत जावेला साधं, असं ठरलेलं. दोन्ही एकाच दुकानातली, एकसारख्या कागदात गुंडाळलेली. गडबडीत आईच्या हातून पुडकी बदलली गेली. कोल्हापुरात आल्यावर त्याच सोप्यात, काय काय दिलं बघायला गल्ली जमलेली असताना, पुडकी सोडली गेली. चुलत जावेच्या पुडक्यातून जर निघाली आणि वरमाईच्या पुडक्यातून साधं लुगडं. मी कोपऱ्यात पाटावर बसले होते, हळद अजून अंगावर होती. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या घराचा उंबरा मी चढणार न्हाय. आन् माझी सूनबी चढणार न्हाय."

झालं. शब्द गेला. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला. त्याला चहा मिळाला, पोहे मिळाले, आणि "बघू" असं उत्तर मिळालं. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही. परसात हात धुताना त्यानं मला हळूच पुडक्यांची गोष्ट सांगितली. आईला वऱ्हाड गेल्यावर कळलं होतं, आणि तिला अन्न गोड लागत नव्हतं. पण हे सासूबाईंना सांगायची त्याची छाती झाली नाही, पोरगेलाच तो. नंतर एकदा वडील येऊन गेले. सासऱ्यांशी उसाच्या भावावर, पावसावर, म्हशीच्या आजारावर बोलले आणि खरा विषय तसाच ठेवून निघून गेले. माझी तर सोयच नव्हती. नव्या सुनेनं सासूपुढं आईची बाजू घ्यायची म्हणजे आगीत तेल.

सासूबाई वाईट होत्या असं नाही. खायला-प्यायला त्यांनी मला कधी कमी केलं नाही. दिवस राहिल्यावर तर ताटात तुपाची धार जास्तच पडायची. मला त्यांचा राग यायचा, आणि तूप वाढताना तर अंगाचा तिळपापड व्हायचा. तूप नको होतं मला, आई हवी होती.

पहिल्या वर्षी गौरीत मी गाडीत बसले तेव्हा जावेनं विचारलं, "कुठं?" माझ्या तोंडातून मुरगूड निघेना, कारण बाजेवर सासूबाई. मी म्हटलं, "हातकणंगले."

"हातकणंगल्याला कोण हाय तुझं?" कुणीतरी मागून टोमणा मारला.

"कुणी न्हाय. रेल्वे बघाय चाललोय," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. हातकणंगले जावेचं माहेर होतं, तेवढंच एक नाव सुचलं मला.

दुसऱ्या वर्षी गौरी आल्या तेव्हा मला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीतच. त्या श्रावणात पंचमीला भाऊ पुन्हा आला होता आणि पुन्हा "बघू" घेऊन गेला होता. मला बाळंतपणाची फार भीती वाटायची. आमच्या मुरगुडात एक बाई बाळंतपणात गेलेली मी लहानपणी पाहिली होती. ते डोळ्यांपुढून जायचं नाही. आई जवळ असली की काही होणार नाही, अशी माझी बालिश समजूत होती. आता सांगायला लाज वाटत नाही, मी रोज देवाला एवढंच म्हणायचे की सासूबाईंचं मन वळू दे. मन वळायची काही लक्षणं दिसत नव्हती.

त्या दुपारी मी खेळणारच नव्हते. पाय सुजले होते आणि डोकं फिरलेलं होतं. पण भाभीनं मला ओढून सतरंजीच्या कडेला बसवलं. "दोन जिवाची बाई हाय, खिडकी द्या हिला," तिनं फर्मान काढलं. खिडकी म्हणजे भिंत. मी भिंतीला टेकले. वाटीवर चमचा दोनदा वाजला, भाभीनं परात फिरवली, गाडी सुटली. जाऊ अडकित्ता वाजवत माझ्यापर्यंत आली.

"कुठं?"

मी पुन्हा हातकणंगले म्हणणार, तोच बाज करकरली. सासूबाई उठल्या. सोललेला लसूण त्यांनी बाजूला ठेवला, पदर खांद्यावरून घेतला, उशी बोचक्यासारखी काखेत मारली आणि सोप्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी हात वर केला.

भाभी बघतच राहिली.

"हात दावलाय न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "थांबवा की गाडी."

भाभीनं करकचून ब्रेक मारला. पुढच्या बायका एकमेकींवर पडल्या, त्या नवलातही खेळाच्या नियमानं पडल्या. सासूबाई गाडीत चढल्या. जाऊ त्यांच्यापुढं उभी राहिली, पण तिचा आवाज कंडक्टरचा राहिला नव्हता.

"कुठं... कुठं जायाचं?"

"मुरगूड. दोन दे."

"दोन कुणाकुणाचं?"

"एक माझं, एक ह्या पोरीचं. एकटीच निघालीया. पहिलटकरीण दिसतीया. हिच्या आयच्या दारात सोडतो आन् जातो म्होरं."

जावेच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. "आत्याबाई..." ती म्हणाली.

"कोण आत्याबाई?" सासूबाई कडाडल्या. "मी तुझी कोण लागतो? तिकीट फाड आन् चल म्होरं. माणसं खोळंबल्यात."

जावेनं दोन पट्ट्या फाडल्या. सासूबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या, उशी मांडीवर घेतली. "सरक गं पोरी," म्हणाल्या. मी सरकले. भाभीनं गाडी सुरू केली, पण हॉर्न वाजवायचं तिला भान नव्हतं.

थोड्या वेळानं सासूबाईंनी, एस.टी.त शेजारच्या बाईशी बोलावं तसं, तोंड माझ्याकडं केलं. "कुठली गं तू?"

"मुरगूडची."

"आन् दिलीया कुठं?"

"हितंच. मंगळवार पेठंत."

"सासू कशी हाय?"

मी जावेकडं पाहिलं. ती तिकिटांच्या पट्ट्या मोजत असल्यासारखं करत होती. चांगली आहे म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं बोललं की खेळ तिथंच मरतो, एवढं मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर वर्षभर मला हेच कुणीतरी विचारायला हवं होतं.

"खाष्ट हाय," मी म्हटलं.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"खायाला घालताना हात आखडत न्हाय," मी पुढं म्हटलं. "पर एकदा तोंडातनं शबुद गेला की त्यो माघारी घेत न्हाय. मग त्यापायी दुसरं कुणी मरंना का."

"आसत्यात आशा बायका," सासूबाई म्हणाल्या. "आन् आई?"

"आई साधी हाय. तिच्या हातनं चूक झाली. लग्नात लुगड्यांची पुडकी बदलली. जरीचं एकीला द्यायचं, ते गेलं दुसरीकडं. कळलं तवा वऱ्हाड निघून गेलतं."

सासूबाई पूर्ण वळल्या. "बदलली?" हा आवाज गाडीतल्या बाईचा नव्हता.

"बदलली."

"मग आसं येऊन सांगाय काय झालतं तिला?"

"कुणाला सांगायचं?" माझा आवाज चढला, मलाच कळलं. "दारात हुबं कोण करतंय तिला?"

आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडले. भाभीनं परात खाली ठेवली होती आणि ती ओढणीनं नाक पुसत होती. सासूबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, भिंतीकडं, म्हणजे खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग जावेनं चमचा वाटीवर हाणला आणि घसा फाडून ओरडली, "मुरगूड! मुरगूडवालं उतरा!" वाटेतलं कागल तिनं गाळूनच टाकलं होतं, आणि त्या दिवशी कुणी तिची चूक काढली नाही. सासूबाईंनी माझं कोपर धरलं आणि मला सतरंजीवरून खाली उतरवलं. मग उशी बाजेवर टाकली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "च्या ठेवा गं कुणीतरी. बसल्यात नुसत्या."

पुढचे दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी गौरी गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. गणपती गेले, तरी नाही. ताटात तूप पडत होतं, पायाला तेल लावून घे म्हणून दटावणी होत होती, पण मुरगूडचं नाव नाही. मी जावेला म्हटलं, तू तरी विचार. ती म्हणाली, "मी कसं इचारू? सोंगातलं हाय ते." ज्या नियमाच्या आडोशानं मी सासूला तोंडावर खाष्ट म्हणाले होते, तोच नियम आता माझ्या मुळावर आला होता. त्यांनी दोन तिकिटं मागितली ती सोंगात. सोंगातल्या तिकिटावर कोण कुठं जातं? मला त्या दिवसांत त्यांचा इतका संताप आला की आधीचा सगळा राग त्यापुढं काहीच नव्हता. मनात यायचं, त्या बाजेवरच बसून राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान आशा तरी लागली नसती.

पितृपक्ष लागायच्या आधी एका सकाळी सासूबाईंनी ट्रंकेतून आपली जुनी मऊ लुगडी काढली, फाडून त्यांच्या घड्या केल्या आणि जावेला म्हणाल्या, "पिशवीत भर. बाळुती कराय हुतील." मग सासऱ्यांपुढं जाऊन म्हणाल्या, "आज मी जरा मुरगूडला जाऊन येतो." सासरे पानाला चुना लावत होते. "बरं," एवढंच म्हणाले. शब्द मागं घेणं-बिणं काही नाही. माझ्याकडं बघून, "अजून न्हाली न्हाईस व्हय? आवर की!"

स्टँडवर गाडी मिळाली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. खरा कंडक्टर आला, सासूबाईंनी मुरगूडची दोन तिकिटं घेतली. गाडी गावाबाहेर पडल्यावर मी धीर केला. "आत्याबाई, त्या दिशी मी जे बोललो..."

"कुठल्या दिशी?" त्या म्हणाल्या आणि बाहेर उसाकडं बघायला लागल्या.

तेव्हा मला कळलं की त्या नियम पाळत होत्या. जावेपेक्षाही कडक पाळत होत्या. माझ्यावर राग धरायचा नाही हेही त्यातच आलं. मी सीटला टेकले, आणि कितीतरी महिन्यांनी माझी पाठ सैल झाली.

मुरगुडात आमच्या दारी पोचलो तेव्हा आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि शेंगांचा वेल हातात तसाच धरून उभी राहिली. मला बघून तिला धावत यायचं होतं, पण माझ्या पुढं तिची विहीण होती. सासूबाई अंगण ओलांडून पुढं गेल्या आणि उंबऱ्याच्या हातभर अलीकडं थांबल्या. तिथं त्यांचे पाय जणू रुतले. शब्द आडवा आला होता, आणि त्या तो मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. मला वाटलं, आता पिशवी ठेवून परत फिरणार.

"बाई," सासूबाई आईला म्हणाल्या, "पाणी मिळंल का वाईच? लांबनं आलोय. ही पोर गाडीत भेटली. एकटी हुती, म्हणून दारापत्तूर आणून सोडली."

आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आपली थट्टा चाललीय, दारात येऊन अपमान करतायत. "ईनबाई..." तिनं सुरुवात केली, तिचे हात जोडले जात होते. मी सासूबाईंच्या पाठीमागून जोरजोरानं मान हलवली. आई थांबली. गल्लीतली एस.टी. तिला माहीत नव्हती, गौरीची दुपार माहीत नव्हती. पण उंबऱ्याची शपथ मुरगुडापर्यंत कधीच पोचली होती. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं, त्याच्या अलीकडं थांबलेल्या पायांकडं पाहिलं. किती कळलं आणि किती नाही हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. तिनं वेल खाली टाकला आणि हात पदराला पुसले.

"आत या की पावणं," ती म्हणाली. "पाणी काय दारात द्यायचं व्हय? उनातनं आलाय. या, या."

विहिणीनं शपथ घेतली होती. वाटेवरच्या पाहुणीनं घेतली नव्हती. सासूबाईंनी उंबरा ओलांडला आणि आत जाऊन घोंगड्यावर बसल्या.

आईनं पाणी दिलं, मग भाकरी टाकल्या. दोघी एकमेकींना कधी न पाहिल्यासारख्या बोलत होत्या. पाऊस कसा काय झाला, शेंग कशी पडली, तंबाखूला भाव काय. मला हसावं की रडावं कळेना.

"तुमाला पोरंबाळं?" आईनं विचारलं. तीही आता रंगात आली होती.

"दोन पोरं, दोन सुना. थोरली गुणाची हाय, राबती बिचारी. धाकटी तोंडाळ हाय."

आईचा हात परातीत थांबला. "तोंडाळ?"

"वरीसभर गप बसती," सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "आन् बोलती तवा भरल्या गाडीत बोलती."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. थोड्या वेळानं आई हळूच म्हणाली, "पावणं, माझ्या हातनं एकदा एक लई मोठी चूक झालती..."

"ऱ्हाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "चटणी वाढा जराशी."

त्यांनी पोटभर जेवण केलं. आईनं त्यांना कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. त्या अंगणात उतरल्या, चपला घातल्या. मला काहीही म्हणाल्या नाहीत, डोक्यावरून हात फिरवणं वगैरे त्यांच्यात नव्हतंच. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. मग वळून त्यांनी आईला हाक मारली.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "पोरीला एकटी निजवू नका. भिती ती. रातची उठून बसती आन् भिताडाकडं बघत ऱ्हाती. तुमी हिच्याजवळ निजा."

मी भिते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आई "व्हय व्हय" म्हणाली आणि सासूबाई स्टँडच्या रस्त्याला लागल्या.